पूरपट्टीतल्या गावाला कोणती बोट: रबरी, फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

कल्लोळ-येडूर, मांजरी-बावनसौंदत्ती, मलिकवाड-दत्तवाड, सदलगा-बोरगाव, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी. ही बंधाऱ्यांची नावं दर पावसाळ्यात पेपरात येतात आणि पुढचा शब्द ठरलेला असतो: पाण्याखाली. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी, रायबाग या तालुक्यांत त्याचं कुणाला नवल नाही, वळसा घालून जायचं एवढंच. पण 2005, 2019 किंवा 2021 सारखं वर्ष आलं की वळसाही उरत नाही. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर चढतं, कुडची-उगार पूल बंद होतो आणि मदतीची बोट नेमकी त्याच बंद रस्त्यानं यायची असते.

म्हणून हल्ली ग्रामपंचायत, सोसायटी, तरुण मंडळ, कुठं साखर कारखाना स्वतःची बोट घ्यायचं मनावर घेतात. विकणारा आधी वेग आणि अश्वशक्ती सांगतो. त्याचं ऐकण्याआधी एक हिशोब घालून बघा. बोट लागणार वर्षातले फार तर दहा-बारा दिवस, तेही दर वर्षी नाही. उरलेले साडेतीनशे दिवस ती पडून राहणार. तेव्हा ती पाण्यात कशी पळते यापेक्षा गोदामात कशी टिकते, हा प्रश्न मोठा. खालची सगळी तुलना त्याच अंगानं केली आहे.

आधी आपलं पाणी ओळखा

कृष्णा-दूधगंगेचा पूर पसरणारा. मळीच्या रानात, उसात, मग गावठाणात पाणी सावकाश चढतं आणि बरेच दिवस हलत नाही. ओढ कमी असते, पण खाली काय आहे ते दिसत नाही. द्राक्षबागेच्या तारा, कुंपणाचे दगडी खांब, पंपाचे पाइप, विहिरीचे कठडे, आणि मैलोन्‌मैल बुडालेला ऊस. इथं बोटीला लाटेची भीती नाही, बुडालेल्या अडथळ्याची आहे.

अपवाद बंधाऱ्याचा. बंधारा पूर्ण बुडून वरचं आणि खालचं पाणी एका पातळीला आलं की तो फारसा जाणवत नाही. पाणी चढताना आणि उतरताना मात्र मधली एक अवस्था येते. भिंतीवरून पडणारं पाणी खालच्या अंगाला मागं वळतं आणि तिथं उलटा फिरणारा रूळ तयार होतो. वरच्या बाजूनं बघणाऱ्याला तो दिसतच नाही. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून इंजिनाच्या पंख्याला पकड मिळत नाही आणि बोटही नेहमीपेक्षा खोल बसते. 25 अश्वशक्तीचं काय आणि 60 चं काय, कुठलंच इंजिन तिथून खात्रीनं बाहेर काढत नाही. आमचा नियम: बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला निदान 200 मीटर सोडूनच नदी ओलांडायची, आणि नांगर हाताशी ठेवल्याशिवाय तेही करायचं नाही.

गोकाकच्या बाजूला घटप्रभा-मार्कंडेयचं पाणी वेगळं, ते खडकाळ आणि ओढीचं. तिथं हलकी रबरी बोट, वल्ही, दोन्ही काठांवरून दोर आणि शिकलेली माणसं लागतात. खानापुराकडे तर मोटरबोटीचा विचारच सोडा. जंगलातला ओढा काही तास फुगतो आणि उतरतो. त्या पैशात 20 मीटरच्या फेकायच्या दोऱ्या, हेल्मेट आणि चांगली जॅकेटं घ्या. पुढचं सगळं मुख्यतः कृष्णाकाठासाठी.

काहिलीबद्दल दोन शब्द

गुऱ्हाळाची काहील पुरात उतरवणं आपल्याकडे जुनंच. ती तरंगते का, तर हो, चांगलीच तरंगते. तळाचा व्यास 2.4 मीटर धरला तर क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर. काहिलीचं स्वतःचं वजन दोनशे किलो आणि वर पाच माणसं, तरी ती बारा-तेरा सेंटिमीटरच बुडते. त्यामुळं ‘चालतंय की’ असं वाटतं. पण तिला कणा नाही, त्यामुळं ती जागच्या जागी गरगर फिरते. एक जण उभा राहिला की एका बाजूचा काठ पाण्याला टेकतो, आणि पाणी आत आलं की लोखंड थेट तळाला जातं. दोर बांधून, उथळ आणि थांबलेल्या पाण्यात दूध किंवा वैरण नेण्यापुरतं ठीक. माणसं नेण्यासाठी नाही. कन्नड बाजूच्या तेप्प्यालाही (तिकडची गावठी होडी) हेच लागू, फरक इतकाच की तेप्पा चालवणारा बहुधा ते काम शिकलेला असतो.

रबरी बोट

सैन्य आणि एनडीआरएफ वापरतात ती हीच, म्हणून पहिली मागणी हिलाच असते. 4.2 ते 4.7 मीटर लांबी, आठ-दहा माणसं, इंजिन सोडून वजन साधारण 90 ते 130 किलो. सहा जण उचलून कुठल्याही पाणंदीतून नेतात, पिकअपमध्ये मावते. काठ बुटका आणि मऊ, त्यामुळं पाण्यातल्या माणसाला आत ओढून घेणं सोपं जातं. भिंतीला घासली तरी घराचं किंवा बोटीचं फार बिघडत नाही. तीन ते पाच हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. नुसत्या बचावाच्या कामात हिच्या तोडीची दुसरी नाही, हे आधीच मान्य करून टाकू.

अडचण पडून राहण्यात आहे. कापड दोन प्रकारचं येतं, पीव्हीसी आणि हायपॅलॉन. पीव्हीसी स्वस्त, पण उन्हानं कडक होतं आणि घडीच्या रेषेवर तडकतं. हायपॅलॉन ऊन आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसतं. हायपॅलॉन हे ड्यूपाँटचं व्यापारी नाव, आणि त्यांनी त्याचं उत्पादन 2010 मध्ये बंद केलं. आता तोच रबर सीएसएम नावानं इतरांकडून येतो. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘हायपॅलॉन’ लिहिलं असेल तर कापडाचा प्रत्यक्ष प्रकार आणि दर चौरस मीटरचं वजन लिहून मागा.

हवेच्या नळ्यांचा दाब साधारण 0.25 बार, म्हणजे 3.6 पीएसआय. मोजायला दाबमापक हवाच, अंगठ्यानं दाबून कळत नाही. तपासणी करताना लोक एक गोष्ट विसरतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की याच दाबातून सुमारे 0.6 पीएसआय आपोआप कमी होतो. दुपारी भरलेली बोट पहाटे मऊ लागली म्हणजे गळती आहेच असं नाही. संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. शंका असेल तिथं साबणाचं पाणी लावा, आधी व्हॉल्व्हभोवती, मग शिवणींवर.

दुरुस्तीचं खरं दुखणं आपल्या हवेचं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद लागतो, सीएसएमला निओप्रिनचा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. दोघांनाही कोरडी हवा हवी, आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की कापडावर दमट थर बसतो आणि ठिगळ दोन दिवसांत सुटतं. ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी कोरडी हवा कुठून आणणार? म्हणून गोंदाची सगळी कामं एप्रिल-मेमध्ये उरकायची. पुरात फाटलीच तर बाहेरून-आतून पकडणारी, स्क्रूनं आवळायची क्लॅम्प पट्टी वापरायची. निदान दोन मापांच्या पट्ट्या किटमध्ये असाव्यात.

आणि उंदीर. घडी घालून सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांशेजारी ठेवलेली रबरी बोट ही उंदराची हक्काची जागा. घडीतली एक भोकांची रांग उलगडल्यावर चार ठिकाणी उमटते. ठेवायची तर अर्धी फुगवून, टाल्कम पावडर लावून, जमिनीपासून वर, आणि धान्य-खतापासून लांब. एवढी जागा ग्रामपंचायतीकडं नसेल तर हा पर्याय इथंच बाद करा.

जनावरं हा आपल्याकडचा वेगळाच मामला. म्हैस सोडून घरातून निघायला लोक तयार होत नाहीत, आणि चारशे किलोची म्हैस रबरी बोटीत चढवणं म्हणजे शिंगाला आणि खुराला आमंत्रण. शेळी-वासरू चालेल, तेही तळाला प्लायवूड किंवा जाड पोती अंथरून. मोठी जनावरं वरच्या अंगाच्या, महाराष्ट्रातल्या राजापूर बंधाऱ्यावरून येणाऱ्या विसर्गाचे आकडे चढायला लागले की रस्त्यानंच हलवायची. ते काम कुठल्याच बोटीचं नाही.

फायबर बोट

पाच मीटरची एफआरपी (म्हणजे फायबरची) बोट तीनशे ते साडेचारशे किलोची असते. ती घेताना ट्रेलर त्याच खरेदीत धरा, नाहीतर ती पहिल्याच पुरात देवळापुढं उभी राहील. ट्रॅक्टर गावोगाव आहेत, तो प्रश्न नाही. पण नेहमीची उसाची ट्रॉली उंच असते. तिच्यावरून बोट उतरवायला आठ-दहा माणसं लागतात, आणि कडेवर आपटून तडा जाण्याचा पहिला प्रसंग बहुधा इथंच घडतो.

जमेची बाजू अशी की पाण्यात ती स्थिर असते, रुंद घेतली तर बारा माणसं, वैरणीचे भारे, सिलिंडर असं सामान नेते. आठ दिवस वेढ्यात असलेल्या गावाला रोजच्या फेऱ्यांसाठी तीच सोयीची. दुरुस्तीही गावाजवळ होते. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर जोडणाऱ्याला काचतंतूंची मॅट आणि रेझिनचं काम येतं. तडा भरताना दोन्ही बाजूंना पाच ते सात सेंटिमीटर घासून उतार द्यायचा. 450 ग्रॅमच्या मॅटचे निदान तीन थर, मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन, हार्डनर एक ते दोन टक्के. तडा आतून ओला असेल तर वरचं ठिगळ चकचकीत दिसतं आणि पहिल्या धक्क्याला पापडासारखं निघतं.

फायबर वाकत नाही, फुटतं. बंधाऱ्याच्या खांबाला किंवा विहिरीच्या कठड्याला तळ घासला की भोक पडतं. म्हणून दुहेरी तळ आणि मधे फोम, याशिवायची बोट फुकट मिळाली तरी घेऊ नये. फोमही कोणता ते विचारा. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. स्वस्त पीयू फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बोट दर वर्षी जड होत जाते. ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे नवी असतानाच वजनकाट्यावर वजन करून भिंतीवर लिहून ठेवणं. कारखान्याचा काटा आहेच. दर मे महिन्यात पुन्हा वजन करा. वीस-पंचवीस किलोनं वाढलं असेल तर आत पाणी आहे.

अ‍ॅल्युमिनियम

याबद्दल आपल्याकडं सगळ्यात कमी बोललं जातं. पडून राहण्याच्या कसोटीवर मात्र हीच पहिली येते. सपाट तळाची, तीन मिलिमीटर पत्र्याची सव्वाचार-साडेचार मीटरची बोट दीडशे किलोच्या आसपास असते. पत्रा 5052 किंवा 5083 या समुद्री प्रतीचा हवा, साधा छपराचा नव्हे. आठ जण उचलतात. दोन लाकडी वाशांवर पालथी घाला, वर ताडपत्री, आणि पाच वर्षांनी उलटी करा, तीच बोट. ना उंदीर, ना ऊन. खांबावर आदळली तर पोचा पडतो, भोक क्वचित. उथळात चालते, वीत-दीड वीत पाणी असलं तरी पुढं सरकते.

तोटे खरे आहेत, ते झाकत नाही. पहिला, वीज. पाणी दहा फूट चढलं की जमिनीपासून साडेपाच-सहा मीटरवर असलेली तार पाण्यापासून तीन मीटरच्याही आत येते. बोटीत उभा माणूस आणि त्याच्या हातातला लांब आकडा तिथं सहज पोचतो. धोका तिन्ही बोटींना आहे, पण पत्र्याच्या बोटीत सगळेच एकदम सापडतात. आकडे आणि काठ्या बांबूच्या किंवा फायबरच्या ठेवा, आणि हेस्कॉम या वीज कंपनीकडून त्या फीडरचा पुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय गावठाणात शिरू नका. दुसरा, वेल्डिंग. साध्या वेल्डरचं हे काम नाही, आर्गॉन लागतो. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला टिग (आर्गॉनवरचं) वेल्डिंगवाले मिळतात, तालुक्याला मिळतीलच असं नाही. तिसरा, चुना आणि ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियम खातात. नव्या कोब्यावर थेट ठेवू नका. लोखंडी बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला.

आणि ती बुडते. रबरी बोट पाणी भरलं तरी हवेवर तरंगते. पत्र्याच्या बोटीला बाकांखाली आणि कडेनं फोम नसेल तर ती भरली की गेली. ढोबळ हिशोब असा: एक लिटर फोम साधारण 950 ग्रॅम उचलतो. दीडशे किलोच्या अ‍ॅल्युमिनियमचं पाण्यातलं वजन 95 किलो भरतं. इंजिनाचे साठ, टाकी-नांगराचे पंचवीस आणि काठाला धरलेल्या आठ माणसांचे मिळून शंभर धरले तर 280 किलो. म्हणजे 300 लिटर फोम. विक्रेत्याला हा आकडा विचारा. त्याच्याकडं उत्तर नसेल तर पुढची चौकशी करू नका.

समुद्रातल्या लाइफबोटीकडून काय घ्यायचं

ब्रिटनमधली आरएनएलआय ही 1824 पासूनची बचावसंस्था. तिच्या सर्व-हवामान लाइफबोटींची चित्रं दाखवून आपल्याकडं ‘सेल्फ-रायटिंग’ हा शब्द विकला जातो, म्हणून ते नीट समजून घेऊ. त्यांची शॅनन जातीची बोट 13.6 मीटर लांब, 18 टन वजनाची, प्रत्येकी 650 अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि 25 नॉट, म्हणजे ताशी 46 किलोमीटर वेग. ती उलटली तर आपोआप सरळ होते, सेल्फ-रायटिंग म्हणजे हेच. त्यात जादू नाही. इंजिनं आणि टाक्या तळाला, वर पाणीबंद केबिन. उलटल्यावर जड भाग वर आणि हवेनं भरलेला भाग पाण्याखाली, अशी स्थिती टिकूच शकत नाही. केबिनचं दार उघडं राहिलं तर हा गुण नाहीसा होतो. आपल्या उघड्या बोटीत केबिनच नाही, तर सेल्फ-रायटिंग कुठून येणार? त्यांच्या 8.4 मीटरच्या अटलांटिक 85 या उघड्या बोटीला मागच्या कमानीवर एअरबॅग आहे, उलटल्यावर चालकदल ती फुगवतं. पाच मीटरच्या डी-क्लास रबरी बोटीत तर तेही नाही, तिघं जण दोर धरून हातानं सरळ करतात. आपल्या बोटीशी तुलना करायची तर ती या डी-क्लासशी: 50 अश्वशक्तीचं एक इंजिन आणि तीन माणसं.

घेण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत. एक, त्यांच्या मोठ्या बोटीला इंजिनं दोन. आपल्याला एका बोटीवर दोन परवडत नाहीत, तर दोन बोटी घ्या. बारा माणसांच्या एका बोटीपेक्षा सहा-सहाच्या दोन, आणि कामावर दोन्ही एकमेकींच्या नजरेत. दोन, पंख्याचं रक्षण. सेव्हर्न जातीच्या बोटीत पंखे तळाच्या बोगद्यात झाकलेले असतात, शॅननला पंखेच नाहीत, ती पाण्याच्या झोतावर चालते. हा झोत आपल्याकडं आणायचा मोह होतो. तो टाळा. जेट पाणी शोषून घेतं, आणि आपल्या पुराच्या पाण्यात पाचट, जलपर्णी, प्लास्टिक सगळं असतं. जाळी दर दहा मिनिटांनी भरेल. शिवाय आउटबोर्डला (मागच्या फळीला अडकवायच्या इंजिनाला) जेट लावलं की तीसेक टक्के ताकद जाते. आपल्याला बरा तो साधा पंखा आणि भोवती जाळीची कडी. थोडा वेग जातो, पण पाण्यातल्या माणसाचा पाय वाचतो.

तीन, आणि हे फुकट आहे: प्रत्येक वापरानंतर बोट आणि इंजिन गोड्या पाण्यानं धुणं, आणि काम नसतानाही ठरलेल्या दिवशी बोट पाण्यात घालणं.

इंजिन

बोट कुठलीही घ्या, पुरात दगा देतं ते इंजिन. तेही मोठं काही मोडून नव्हे, कार्बोरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलमुळं.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून निघणारं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि नळी तळातूनच ओढते. ऑक्टोबरात टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करायचे: नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग फ्लोट-बाउलचा स्क्रू सोडून उरलेलं गाळायचं. जूनमध्ये ताजं पेट्रोल. दहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोल बोटीत घालू नका, गवत कापायच्या यंत्रातसुद्धा नको.

ताकद किती? साडेचार मीटरच्या बोटीला 25 अश्वशक्ती पुरते. 40 घेतलं तर आठ माणसांसह बोट पाण्यावर उचलली जाते, वेग येतो. पण गावठाणात तो वेग वापरता येत नाही. बोटीच्या लाटेनं आधीच भिजलेल्या मातीच्या भिंती कोसळतात. नदीपात्र ओलांडून मळ्यातल्या वस्तीवर जायचं असेल तरच 40 घ्या. पूर्ण वेगात 40 चं टू-स्ट्रोक तासाला सोळा-वीस लिटर पेट्रोल पितं, म्हणजे 24 लिटरची टाकी सव्वा ते दीड तास. 

टू-स्ट्रोक हलकं, 25 अश्वशक्तीचं पन्नास किलोच्या आसपास. गावातल्या मेकॅनिकला ते कळतं. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं, पण जड, आणि आडवं टाकताना बाजू चुकली तर तेल सिलिंडरमध्ये जातं. वर्षातून दहा दिवसांच्या वापरासाठी आमची पसंती टू-स्ट्रोकला. तेल बहुतेक मॉडेलांत पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिलि, तरी पुस्तिकेत बघूनच घाला. तेल घातलेल्या कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा. धावपळीत साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं की पिस्टन धरतो.

खरेदीतली नेहमीची चूक शाफ्टची. बोटीच्या मागच्या फळीची उंची 15 इंच की 20, हे मोजून त्याच मापाचा शाफ्ट घ्यायचा. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा त्याखाली 25 मिलिमीटरपर्यंत असावी. लांब शाफ्ट आखूड फळीला लावला तर पंखा चार-पाच इंच जास्त खोल जातो आणि उसात, तारेत सगळ्यात आधी तोच अडकतो.

चालू असताना मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार पडते का, ते बघत राहायचं. धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच बंद. एकतर इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीत पाचट बसलंय, नाहीतर आतला, थंड करायचं पाणी फिरवणारा रबरी इम्पेलर गेलाय. इम्पेलर पडून राहिला की त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात. कोरड्यात अर्धा मिनिट चालवलं तरी जळतात. दोन वर्षांनी बदलाच, वापर झालेला असो वा नसो. गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर सील गेलं. बहुतेक वेळा पंख्यामागं गुंडाळलेला नायलॉनचा दोर त्याला कारण असतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पंखा फिरवून मागं बघायचं.

बोटीबरोबर एका डब्यात: जादा पंखा, शिअर पिन आणि स्प्लिट पिन, दोन स्पार्क प्लग, प्लग-पाना, पेट्रोलचा फिल्टर, हात-बल्बसकट जादा नळी, किल-स्विचची दोरी (चालक पडला तर इंजिन बंद करणारी), पक्कड, धारदार कोयता. नांगर सात ते दहा किलोचा, दोर खोलीच्या पाच ते सात पट. सहा मीटर पाण्याला चाळीस मीटर. आणि वल्ही, इंजिन कितीही नवं असलं तरी.

इंजिन पाण्यात बुडालं तर घाई दोन गोष्टींत करायची: गोड्या पाण्यानं धुणं आणि प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढणं. मग आत हलकं तेल फवारून, काही तासांच्या आत चालू करायचं. मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर ते उघड्यावर सुकू न देता स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. गंज हवा लागल्यावर चढतो. चालू असताना बुडालं असेल तर दोरी जोरानं ओढू नका, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

जॅकेट आणि माणसांची संख्या

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हा बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. बोटीच्या पाटीवरची संख्या शांत पाण्यासाठी असते. पुरात त्यातून दोन कमी, आणि चालक-मदतनीस धरूनच. किनाऱ्यावर मोजणारा एक माणूस वेगळा नेमा. बोटीतला चालक गावातल्या आजीला ‘नाही’ म्हणू शकत नाही.

नेल्या जाणाऱ्या लोकांना 100 न्यूटनचं, म्हणजे पाण्यात साधारण दहा किलो भार तरंगत ठेवणारं जॅकेट, बचाव करणाऱ्यांना हात मोकळे ठेवणारं 50 न्यूटनचं चालतं, पोहता येत असेल तरच. मुलांची मापं वेगळी, आणि त्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा लागतोच, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली जातं. जुनी जॅकेटं तपासायला प्रयोगशाळा नको. 100 न्यूटनच्या जॅकेटला दहा किलोचं लोखंडी वजन बांधून विहिरीत सोडा. लोखंड पाण्यात पावणेनऊ किलोच भरतं. तरीही जॅकेट बुडालं तर ते टाकून द्या.

मग घ्यायचं काय

पात्राच्या काठावरचं, दर तीन-चार वर्षांनी वेढलं जाणारं गाव, ट्रॅक्टर आणि मोकळी शेड आहे: दोन सपाट अ‍ॅल्युमिनियम बोटी, 25 अश्वशक्तीची दोन सारखीच इंजिनं, म्हणजे सुटे भाग एकमेकांना चालतात. पैसे एकाच बोटीपुरते असतील तर शेजारच्या गावाशी ठरवून दुसरी त्यांनी घ्यावी, तीही त्याच मापाची. आठ-दहा दिवस रस्ता तुटतो आणि दूध, औषधं, सामान न्यावं लागतं अशा ठिकाणी, आणि ट्रेलर घ्यायची तयारी असेल तर, फायबर. तालुक्याच्या ठिकाणी, जिथं दर महिन्याला बोट उघडणारी नेमलेली माणसं आणि बंद, कोरडी खोली आहे, तिथं रबरी. गावाला रबरी बोट देणगीत मिळत असेल तर देणाऱ्याला आधी खोली आणि क्लॅम्प पट्ट्यांचे पैसे मागा. अवघडल्यासारखं वाटलं तरी मागा.

इंजिन लावलं की अंतर्देशीय नौका कायदा 2021 लागू होतो. नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांची चौकशी पीडीओमार्फत (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) खरेदीपूर्वी करून घ्या, बिल झाल्यावर नव्हे.

ताब्यात घेताना कागदावर सही करण्याआधी बोट तळ्यात घालून तळाचं बूच काढा, पाणी भरू द्या, ठरलेल्या माणसांना जॅकेटासह काठाला धरून राहू द्या, आणि पंधरा मिनिटं थांबा. ती आडवी सपाट तरंगली पाहिजे, मागं कलून नव्हे. नंतर इंजिन दोनशे लिटरच्या पिंपात, पंखा काढून, पाणी जाळीच्या वर ठेवून दहा मिनिटं चालवा. हीच पिंपाची फेरी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि कोणी चालवलं त्याचं नाव वहीत.